रोमच्या बंदरातून रोम दिसत नाही

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, असा संपादकांचा फोन आला, तेव्हा आमचे हे पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "लिही की. भूमध्य समुद्राकाठची सार्वजनिक स्वच्छतागृहं."

त्यांना माझी खेचायची होती, पण त्यात खोटं काही नव्हतं. बावीस वर्षं मी इंग्लंडमधल्या मराठी ज्येष्ठांना क्रूझवर घेऊन गेले. बार्सिलोना, मार्सेय, नेपल्स, व्हॅलेटा, अथेन्स. या सगळ्या जुन्या शहरांत बसायला बाक कुठे आहे, सावली कोणत्या बाजूला पडते आणि 'जाऊन येते हं' म्हणणाऱ्या बाईला कुठे न्यायचं, हे मला तोंडपाठ आहे. देवळं, किल्ले, पुतळे हे माझ्या पाठीमागे असायचे, कारण माझं तोंड नेहमी माझ्या माणसांकडे असायचं. मी रोमला सतरा वेळा गेले आणि रोम एकदाच पाहिलं. ते का, तेच आज सांगायचं आहे.

आधी धंदा थोडा समजावून सांगते. लग्न होऊन मी ठाण्याहून लंडनमधल्या इल्फर्डला आले, आणि काही वर्षं हाय रोडवरच्या एका ट्रॅव्हल एजंटच्या काउंटरवर बसले. तिथे लक्षात आलं की आपल्या लोकांना बोटीवर जायचं असतं, पण एकट्याने जायची भीती वाटते. जेवणात काय असेल, इंग्रजी उच्चार कळतील का, गुडघे चालतील का. मग मी स्वतःचे ग्रुप काढायला लागले. बोट मोठ्या कंपनीची, आमचे त्यात तीस-बत्तीस जण. बंदरात उतरल्यावर कंपनीच्या सहली असतात, त्या सोडून आम्ही आमची बस करायचो, कारण कंपनीच्या सहलीत मराठीतून कोणी सांगत नाही आणि मध्ये चहासाठी थांबत नाही.

यात एक मोठी गोम आहे. कंपनीच्या सहलीची बस रस्त्यात अडकली तर बोट तिच्यासाठी थांबते. आमच्या बससाठी थांबत नाही. साडेपाचला चढायचं म्हणजे साडेपाचला, पाच पस्तीसला तुम्ही धक्क्यावर उभे राहून स्वतःच्या सामानाला टाटा करायचा. त्यामुळे माझं सगळं काम म्हणजे मोजणं. माणसं मोजायची माझी स्वतःची रीत होती. प्रत्येक जोडप्याला मी दुसऱ्या एका जोडप्यावर लक्ष ठेवायला सांगायचे, स्वतःच्या जोडीदारावर नाही. चाळीस वर्षांच्या संसारानंतर माणूस स्वतःच्या बायकोकडे बघत नाही. 'मागेच असेल' म्हणतो आणि ती कुठल्या तरी गल्लीत पर्सचे भाव विचारत असते. दुसऱ्याची बायको हरवली तर मात्र लगेच कळतं. या रीतीने बावीस वर्षांत माझं एकही माणूस मागे राहिलं नाही, आणि हे मी जरा छाती पुढे काढूनच सांगते.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार असायची. इल्फर्डचेच देशपांडे काका पाच वेळा आले. त्यांना प्रत्येक ठिकाण कोकणातल्या किंवा पुण्यातल्या कशासारखं तरी दिसायचं. मार्सेयचं बंदर पाहून 'हे आपलं ससून डॉक', आणि अ‍ॅक्रोपोलिस चढताना 'पर्वतीला पायऱ्या जास्त आहेत.' कार्डिफच्या सुमनताई हॉस्पिटलात सिस्टर होत्या, निवृत्त होऊनही वॉर्ड सुटला नव्हता. बोटीवर चोवीस तास फुकट जेवण असताना त्या पर्समध्ये दशम्या आणि लसणाची चटणी घेऊन फिरायच्या. कशाला, विचारलं तर म्हणायच्या, बोट बंद पडली तर.

माने सर आले ते त्यांच्या मुलामुळे. अनिकेत मेडनहेडला सॉफ्टवेअरमध्ये आहे, कामाच्या व्हिसावर आलेला. वडील मिरजेहून सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे आले होते. वय एकोणऐंशी, पत्नी दोन वर्षांपूर्वी गेलेली. मिरजेच्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षं इतिहास शिकवला होता. अनिकेतला सुट्टी मिळत नव्हती म्हणून त्याने वडिलांना माझ्या हवाली केलं. फोनवर म्हणाला, "काकू, बाबांना फक्त रोम बघायचंय. बाकी कुठे नाही नेलंत तरी चालेल, honestly. लहानपणापासून आम्ही घरी रोमच ऐकत आलोय."

त्या ग्रुपमध्ये बत्तीस जण होते. एकतीस ब्रिटिश पासपोर्टवाले आणि माने सर एकटे भारतीय. आम्हा बाकीच्यांना युरोपात व्हिसा लागत नाही, सरांना लागणार होता. युरोपातल्या पुष्कळ देशांचा मिळून एकच व्हिसा असतो, त्याला शेंगेन म्हणतात. त्यावर तारखा असतात आणि खाली एका कोपऱ्यात, तुम्हाला कितीदा आत जाता येईल, तो आकडा असतो. आमचा मार्ग होता साउदॅम्प्टनहून निघून स्पेनमधलं कादिझ, मग मालागा, मग रोमचं बंदर, मग नेपल्स, आणि परत. म्हणजे एकदा स्पेनमध्ये आत शिरलं की शेवटपर्यंत आतच. सरांना व्हिसा मिळाला, एका एंट्रीचा. मी फोटो पाहिला, तारखा तपासल्या आणि फाइलला लावून टाकला.

पुढे निघायच्या महिनाभर आधी बोटीच्या कंपनीची ईमेल आली. मालागा रद्द, त्याऐवजी जिब्राल्टर. मी ती सगळ्यांना पुढे पाठवली आणि वर लिहिलं, 'चिंता नको, जिब्राल्टर म्हणजे आपलंच!' स्पेनच्या टोकाला असलं तरी ते ब्रिटनचं आहे, तिथे पौंड चालतात, लाल टपालपेट्या आहेत, फिश अँड चिप्स मिळतात. माझ्या डोक्यात आलं ते एवढंच.

जिब्राल्टर ज्यांचं आपलं, ते एकतीस होते. बत्तिसाव्या माणसासाठी जिब्राल्टर म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणं होतं, आणि इटलीत उतरायचं तर पुन्हा आत शिरावं लागणार होतं. त्यासाठी दोन एंट्र्या हव्या होत्या. हे मला कळायला हवं होतं. इंग्लंडला आल्यावर पहिली कितीतरी वर्षं मी स्वतः भारतीय पासपोर्ट घेऊन विमानतळावर 'इतर' लिहिलेल्या लांब रांगेत उभी राहिले आहे. आमचे हे ब्रिटिश पासपोर्टावर शेजारच्या रांगेतून सटकन पुढे जायचे आणि पलीकडे बॅगा धरून तासभर उभे राहायचे. ती रांग सुटून इतका काळ लोटला होता की ती असते हेच मी विसरले होते.

साउदॅम्प्टनला चेक-इन करणाऱ्या मुलीने सरांचा व्हिसा दोनदा पाहिला. तिने काही विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी माझं वीस वर्षांचं हसू पुढे केलं आणि, ते माझ्या ग्रुपमध्ये आहेत, सगळं तपासलेलं आहे, असं तिला सांगितलं. मागे रांग मोठी होती. तिने बोटीचं कार्ड काढून दिलं.

कादिझपर्यंत सगळं झकास होतं. सर कडक इस्त्रीचा शर्ट, टाय आणि पॉलिश केलेले बूट घालून उतरले. समुद्राच्या भिंतीपाशी उभं राहून त्यांनी फिनिशियन व्यापारी इथे कसे आले ते सांगायला सुरुवात केली, आणि आमची बाकीची एकतीस माणसं, जी एरवी गाइडला तीन मिनिटं ऐकत नाहीत, ती वीस मिनिटं उन्हात उभी राहिली. देशपांडे काका म्हणालेच की हे आपल्या अलिबागसारखं आहे. सर म्हणाले, "अगदी. फक्त तीन हजार वर्षं जुनं." काका त्या दिवशी पुढे काही बोलले नाहीत.

तारखेच्या बाबतीत ते फार काटेकोर होते. मी माइकवर 'साधारण दोन हजार वर्षांपूर्वी' म्हटलं की ते खालून हात वर करायचे. मला शाळेत परत बसल्यासारखं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मजाही यायची.

दुसऱ्या दिवशी जिब्राल्टर. तिथल्या खडकावर माकडं आहेत, त्यातल्या एकाने सुमनताईंची पर्स उघडून दशमी काढली आणि चटणी लावलेली बाजू चाटून ती परत टाकून दिली. सुमनताईंना दशमी गेल्यापेक्षा परत टाकल्याचा अपमान जास्त लागला. आम्ही सगळे हसत बोटीवर आलो, तर कार्ड दाखवून आत शिरतानाच मला रिसेप्शनवर बोलावलं असल्याचं सांगितलं.

तिथल्या अधिकारी बाईंनी सरांचा पासपोर्ट माझ्यासमोर उघडून ठेवला आणि कोपऱ्यातल्या आकड्यावर पेन टेकवलं. तुमचे हे प्रवासी इटलीत उतरू शकणार नाहीत, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. रोमलाही नाही, नेपल्सलाही नाही. ते बोटीवर राहू शकतात, परत साउदॅम्प्टनला उतरू शकतात. मी तो आकडा महिनाभर फाइलमध्ये घेऊन फिरत होते.

यानंतर मी जे केलं ते लिहायला मला आवडत नाही. मी वर डेकवर गेले. सर खुर्चीवर बसून वही लिहीत होते. मी त्यांना सांगितलं, सर, इटलीच्या नियमांत अचानक काहीतरी बदल झालाय, तुमच्या उतरण्याची थोडी अडचण आहे, पण मी बघते काय करता येतं ते. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "अस्सं."

मग अनिकेतचा फोन आला. सरांनीच त्याला मेसेज केला असावा. त्याने विचारलं, "काकू, be honest, आपल्या side ला काही miss झालं का?" मी म्हटलं, नाही रे, त्यांचंच काहीतरी. एकदा खोटं बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा जीभ अडखळली नाही.

जिब्राल्टरहून रोमच्या बंदराला दोन दिवस लागतात. दोन्ही दिवस मी फोन आणि ईमेल करत होते. इटलीतला बंदराचा एजंट, लंडनमधलं व्हिसाचं ऑफिस, जिथे म्हणून दार दिसलं तिथे ठोठावलं. कुठूनच काही हाती लागेना. आणि इकडे डेकवर सर काय करत होते? नाश्ता झाला की ते ग्रुपला रोम शिकवत होते. बोटीवर रोज सकाळी कार्यक्रमांचा एक कागद खोलीत टाकतात, त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी फोरमचा नकाशा काढला होता. फोरम म्हणजे जुन्या रोमचा चौक, तिथे सभा व्हायच्या, बाजार भरायचा. एकतीस माणसं त्यांच्याभोवती बसली होती, काही जण लिहून घेत होते. स्वतःला जिथे जाता येणार नाही तिथे बाकीच्यांनी काय काय बघायचं, ते हा माणूस समजावून सांगत होता. मी लांबून बघितलं आणि खाली माझ्या खोलीत निघून गेले. मला माझी फार लाज वाटली.

रोमच्या बंदरातून रोम दिसत नाही. शहर तिथून दीड तासावर आहे. धक्क्यावर एक जुना किल्ला, क्रेन, आणि बसची रांग, एवढंच दिसतं. सकाळी सात वाजता इटलीच्या सीमा पोलिसांचे दोघं जण बोटीवर आले. मी सरांना घेऊन त्यांच्यापुढे गेले. सर टाय लावून, बूट चकचकीत करून तयार होते, खांद्याला पाण्याची बाटलीसुद्धा अडकवली होती. मी जेवढं बोलता येईल तेवढं बोलले. निवृत्त शिक्षक आहेत, वय बघा, चार तासांचा प्रश्न आहे, मी जामीन राहते. मोठा अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला की कुणी आजारी असेल, अपघात झाला असेल, तर सीमेवर व्हिसा देता येतो, पण शहर बघायला नाही. मग त्याने पासपोर्टातल्या त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि मान वर केली. त्याने सरांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाची चूक बरोबर ओळखतो.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर मी थांबले. अर्ध्या तासात माझी बस निघणार होती.

"सर, नियम बदलले नव्हते," मी म्हटलं. "चूक माझी आहे. तुमचा व्हिसा एका एंट्रीचा होता. जिब्राल्टर आल्यावर दोन लागणार होत्या, ते मी बघितलंच नाही. आणि तीन दिवस तुमच्याशी खोटं बोलले."

"मला माहीत आहे."

मी मान वर केली. ते म्हणाले, "अहो बाई, व्हिसा म्हणजे छापील मजकूर आहे. मी वाचला तो. जिब्राल्टरच्या खडकावर बसलो होतो, तुम्ही सगळे माकडं बघत होतात, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग म्हटलं, बाई कधी सांगतात ते बघू."

"तुम्ही रागावला असाल."

"रागावलोय," ते म्हणाले. "फार रागावलोय. चौतीस वर्षं मी फळ्यावर रोम काढत आलोय. दरवर्षी काढायचं आणि दरवर्षी पुसायचं."

मी रडायला लागले. साठी ओलांडलेली बाई, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात ग्रुपने मागे यावं म्हणून उंच धरायची, पैठणीची पट्टी बांधलेली काठी, आणि बोटीच्या कॉरिडॉरमध्ये रडते आहे. समोरून एक इंग्रज जोडपं आलं, त्यांनी कार्पेटकडे बघत आम्हाला ओलांडलं. सरांनी मला खिशातला रुमाल दिला, घडी न मोडलेला. मग वहीचं एक पान फाडून हातात ठेवलं. ते त्यांनी आदल्या दिवशीच लिहून ठेवलेलं असावं, कारण अक्षर संथ होतं.

"हा गृहपाठ," ते म्हणाले. "संध्याकाळी तपासणार."

पानावर पाच प्रश्न होते. फोरममधल्या जुन्या रस्त्यावरून दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकतात का? सेव्हेरसच्या कमानीपासून टायटसच्या कमानीपर्यंत पावलं किती? टायबर कृष्णेएवढी आहे का? तिथे वास कसला येतो? आणि पाचवा, तिथे उभं राहून तुम्हाला काय वाटलं?

त्या दिवशी मी वीस वर्षांत पहिल्यांदा माझी काठी दुसऱ्याच्या हातात दिली. सुमनताईंनी ती अशी धरली की कित्येक वर्षं वाटच बघत असाव्यात. 'चला, चला, कोणी मध्ये थांबायचं नाही,' म्हणून त्यांनी सगळ्यांना ओळीत लावलं. देशपांडे काकांना टॉयलेटला जायलासुद्धा त्यांची परवानगी काढावी लागत होती. मी मागे राहिले, आणि माझ्या माणसांच्या चेहऱ्यांऐवजी ते ज्याच्याकडे बघत होते तिकडे बघितलं.

संध्याकाळी बोटीवर सहाच्या सुमाराला डेकवर सर चहा घेऊन बसले होते. माझ्यासाठी एक कप झाकून ठेवला होता. वही उघडी होती.

"पहिला."

मी सांगितलं की रस्ता रुंद आहे, दोन माणसं सहज चालतील, पण चालत नाहीत. दगड इतके वरखाली झालेत की प्रत्येक जण मान खाली घालून आपापली वाट शोधत असतो. देशपांडे काकूंनी सँडल हातात घेतल्या. सरांनी ते लिहून घेतलं, सँडलसकट.

"दुसरा. पावलं किती?"

"पाचशे वीस."

ते पेन टेकवून थांबले. "छान. आता खरं सांगा."

आता मात्र मला हसू आलं. मी सांगितलं की दोनशे बारापर्यंत मोजली, मग ड्रायव्हरचा फोन आला आणि आकडा सुटला. ते म्हणाले, "मग दोनशे बारा लिहितो. पुढचं ज्ञात नाही."

टायबरबद्दल त्यांना फार उत्सुकता होती. मी कृष्णा एकदाच पाहिली आहे, तीही वाईला, असं सांगितलं, तर ते म्हणाले, वाईची चालेल. मी म्हटलं, वाईच्या कृष्णेपेक्षा टायबर मोठी आहे, पण दोन्ही बाजूंनी उंच भिंतींत अडकवलेली आहे. खाली जायला पायऱ्या आहेत, पण कोणी पाण्यात पाय सोडून बसलेलं दिसलं नाही. त्यांना ते ऐकून वाईट वाटलं, असं मला वाटलं. वास तापलेल्या दगडाचा आणि पाइनच्या झाडांचा येत होता, आणि सगळ्यावर सनक्रीमचा. तेही लिहिलं गेलं.

"पाचवा."

"सर, मला वाटलं की तुम्ही इथे असायला हवे होतात."

"ते नको," ते म्हणाले. "ते मला माहीत आहे. दुसरं काय वाटलं?"

मी विचार केला. मग सांगितलं की जागा लहान वाटली. एवढं सगळं राज्य, एवढी भाषणं, एवढे खून, ते सगळं या एवढ्याशा चौकात कसं झालं असेल, असं वाटलं. तिथे उभ्या असलेल्या माणसांना एकमेकांची तोंडं ओळखू येत असतील.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले की पाठ्यपुस्तकातल्या नकाशावर कधी अंतर दिलेलं नसायचं, त्यामुळे मुलांना रोम नेहमी फार मोठं वाटायचं, आणि त्यांना स्वतःला मात्र शंका यायची. "तोंडं ओळखू येत असणार," ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांनी ते वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी नेपल्सला ते डेकवरच राहिले. दुर्बीण घेऊन त्यांनी दिवसभर व्हेसुव्हियस ज्वालामुखी पाहिला. आम्ही दमूनभागून, पाय ओढत परत आलो, तर म्हणाले, "याला व्हिसा लागत नाही. इथून तुमच्यापेक्षा मलाच चांगला दिसला."

घरी आल्यावर मी अनिकेतला फोन केला आणि सगळं सांगितलं, त्याच्याशी खोटं बोलले तेही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "Okay. Thanks for letting me know, काकू." इंग्लंडमध्ये दहा वर्षं काढली की आपला माणूससुद्धा थँक्स म्हणून शिव्या द्यायला शिकतो. त्या शिव्या माझ्या हक्काच्या होत्या आणि मी त्या घेतल्या. मी सरांना पुढच्या वर्षी परत नेईन म्हटलं, व्हिसा स्वतः जाऊन काढते म्हटलं. सरांनी अनिकेतकरवी कळवलं की गुडघे आता बोटीचं ऐकतात पण बसचं ऐकत नाहीत, आणि आता मिरजच बरी.

त्यानंतर मी दोनच वर्षं टूर केल्या. प्रत्येक पासपोर्ट डायनिंग टेबलावर उघडून, पहिल्या शब्दापासून कोपऱ्यातल्या आकड्यापर्यंत मोठ्याने वाचायचे. हे म्हणायचे, आरती झाली का?

यंदाच्या उन्हाळ्यात अनिकेतने एक व्हिडिओ पाठवला. सोबत त्याने काही लिहिलं नव्हतं. मिरजेच्या त्या शाळेत जुन्या विद्यार्थ्यांनी सरांचं व्याख्यान ठेवलं होतं, विषय 'मी पाहिलेलं रोम'. सर टाय लावून उभे होते. मागे फळा होता आणि त्यावर नकाशा. पहिलं वाक्य त्यांनी असं उच्चारलं की माझा हात तोंडावर गेला.

"या व्याख्यानाचं नाव चुकलेलं आहे," ते म्हणाले. "मी रोम पाहिलेलं नाही. मी त्याच्या बंदरात बोटीवर बसून होतो." हॉलमध्ये हशा झाला. मग त्यांनी व्हिसाची हकिगत सांगितली, दोनशे बारा पावलं सांगितली, देशपांडे काकूंच्या सँडल सांगितल्या. चौक लहान आहे आणि तिथे माणसांना एकमेकांची तोंडं ओळखू येत असणार, असंही सांगितलं, आणि हे निरीक्षण आपलं नसून आपल्या टूर मॅनेजर विद्याबाईंचं आहे, असं स्पष्ट म्हणाले. मागे उभे राहून आमचे हे माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी मला पहिल्यांदाच चिडवलं नाही.

शेवटी सर म्हणाले, "बाईंची एक चूक झाली होती. जिब्राल्टर आलं, आणि ती लक्षात आल्याबरोबर त्यांनी स्वतः येऊन मला सांगितली. इतिहासात अशी माणसं थोडी सापडतात."

मी व्हिडिओ तिथे थांबवला आणि मागे नेऊन पुन्हा ऐकलं. लक्षात आल्याबरोबर, असंच ते म्हणाले होते. ज्या माणसाला 'साधारण दोन हजार वर्षं' चालत नसे, त्याने भरल्या सभेत माझे तीन दिवस गाळले होते. ते इथे जागच्या जागी लिहून ठेवले आहेत.